एक्केचाळीस घरांची यादी

केवळाबाईंच्या कारकिर्दीत तीन ग्रामसेवकांनी बदली मागून घेतली. चौथा मी. अर्ज मीही केला होता, पण तो वर कुठेतरी पडून राहिला, आणि म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. आता निवृत्त झालोय. माझं कुणी काही वाकडं करणार नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगतो.

आमची सावरखेडी नांदेड जिल्ह्यात, पण अगदी शिवेवर. ओढा ओलांडला की लातूर जिल्हा लागतो. लोकांच्या सोयरिकी लातूरकडच्या, बाजारहाट लातूरकडचा, सणवारही तिकडचेच. सरकार तेवढं नांदेडचं. मी स्वतः तिकडच्याच औशाचा. माझं नाव हनुमंत, पण सहा वर्षांत गावात एकानंही मला त्या नावानं हाक मारली नाही. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, मग तो पोरसवदा असो की माझ्यासारखा टक्कल पडलेला.

केवळाबाई मूळच्या इस्लापूरच्या, किनवट तालुक्यातल्या. सहस्रकुंडचा धबधबा त्यांच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. लोक तो बघायला लांबून येतात, आणि बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "पाणी पडतंय वरून खाली, त्यात काय बघायचं?" वडील जंगलखात्यात रोपं लावायला रोजंदारीवर जात. त्यांना वाचता येत नव्हतं. मुकादम हजेरीपटावर कधी नाव लिहायचा, कधी विसरायचा, विसरायचाच जास्त. म्हणून ते या लेकीला सोबत नेऊ लागले. दुसरी-तिसरीतली पोर मुकादमाच्या पाठीमागं उभी राहून मोठ्यानं वाचायची, आणि बापाचं नाव नसलं की तिथंच भोकाड पसरायची. मुकादम वैतागून नाव लिहायचा. बाईंच्या राजकारणाची सुरुवात मी तिथूनच धरतो.

सातवी झाल्यावर लग्न झालं. नवरा ग्यानोबा तेव्हा ट्रकवर क्लीनर होता आणि किनवटच्या बाजूला त्याच्या फेऱ्या असत. पुढे त्यानं जीप घेतली आणि आजतागायत तो तीच चालवतो. शेत नाही. बोलणं फार कमी. बाईंच्या वाट्याचं बोलणं धरून घरात सरासरी बरोबर पडते असं गाव म्हणतं.

सत्त्याण्णव साली ग्रामपंचायतीत बाईची जागा राखीव झाली. गावच्या चार जाणत्यांनी मारुतीच्या पारावर बसून विचार केला. बाई अशी हवी, जिला सही करता येते आणि जिच्या घरात बोलणारा माणूस नाही. ग्यानोबाची बायको दोन्हींत बसली. बिनविरोध निवड झाली, पेढे वाटले. पहिली दोन वर्षं त्या सभेला यायच्या, डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसायच्या, सही करायच्या आणि स्वयंपाकाला घरी जायच्या. जाणत्यांना वाटलं, आपण हिरा निवडला.

मग एक दिवस शाळेपुढची सात चिंचेची झाडं तोडायला माणसं आली. बाई करवतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सांगण्यात आलं की ठराव झालेला आहे आणि त्यावर तुमचीही सही आहे. त्या तडक कचेरीत गेल्या, सभेचं बुक मागितलं. सही त्यांचीच होती. पण सही केली तेव्हा शेवटच्या ठरावाखाली चार बोटं जागा कोरी होती आणि आता तिथं झाडांचा ठराव बसला होता. झाडं गेली ती गेली. त्या महिन्यापासून बाई सही करण्याआधी मजकूर संपतो तिथून सहीपर्यंत एक तिरकी रेघ ओढायला लागल्या. नंतर तेवढ्यावरही भागेना. ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्या पेन उचलेनात. वीस मिनिटांच्या सभा दोन-दोन तास चालू लागल्या. ग्रामसेवक बदल्या का मागत, ते आता कळलं असेल.

त्या तीनदा निवडून आल्या, दोनदा पडल्या. एकदा तर नऊच मतांनी पडल्या. पडल्या की शाळेत खिचडी शिजवायचं काम करायच्या, निवडून आल्या की ते गावातल्या धुरपताबाईंकडे सोपवायच्या. एकदा पंचायत समितीचं तिकीट त्यांना देतो म्हणून पक्षाच्या लोकांनी कबूल केलं होतं. ऐनवेळी ते कुणाच्या तरी मेव्हणीला गेलं. बाई तरी प्रचारसभेला गेल्या, दोनशे माणसांचा स्वयंपाक केला आणि परत आल्या. मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. रडले बी. पण घरी येऊन. तिथं कशाला रडायचं, भाजीत मीठ जास्त झालं म्हनले असते."

आता त्या एक्केचाळीस घरांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं.

जुनी सावरखेडी तलावात गेली. नवीन जागी सरकारनं आखून गाव वसवलं: लहान लहान प्लॉट, रुंद रस्ते, रस्त्याच्या कडेला सार्वजनिक कामासाठी सोडलेली मोकळी जमीन. तीस वर्षांत घरं फुगली. भाऊ वेगळे झाले, पोरांची लग्नं झाली, आणि ज्यांच्याकडे ना शेत ना दुसरी जागा, त्यांनी त्या मोकळ्या जमिनीवर घरं बांधली. कुणाचं पत्र्याचं, कुणाचं विटांचं. लाइटीचं मीटर प्रत्येकाकडे होतं, पण ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, ज्याला आम्ही नमुना आठ म्हणतो, एकाचंही नाव नव्हतं. नोंदवहीत नाव नाही म्हणजे घरकुल नाही, आणि उद्या कुणी उठवलं तर दाद मागायला तोंड नाही. धुरपताबाईंचं घर त्यातलं पहिलं. सत्तरीच्या त्या म्हातारीला रस्त्यानं जेसीबी जाताना दिसला तरी ती दारात येऊन उभी राहायची.

या प्रकरणाच्या दोन वर्षं आधी केवळाबाई थेट जनतेतून सरपंच झाल्या, त्या याच एका शब्दावर. घरं नावावर करून देते. सरकारनं अशी जुनी घरं नियमात बसवायची सवलत दिली होती. त्यासाठी तीन गोष्टी लागत. एक, ग्रामसभेचा ठराव. दोन, प्रत्येक घराचं मोजमाप, फोटो आणि जुन्या वस्तीचा पुरावा असलेली यादी. तीन, यादीच्या प्रत्येक पानावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या. मुदत एकतीस डिसेंबर.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. उपसरपंच महादेवप्पांनीसुद्धा हात वर केला, कारण समोर त्या घरांतली दीडशे माणसं बसली होती. आप्पा माणूस वाईट नाही. चाळीस एकर शेत, तालुक्याला आडत दुकान, गोड बोलणं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांना त्या रस्त्याकडच्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचे होते. गावाला बाजारपेठ हवी, पोरांना धंदे हवेत, असं ते म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. फक्त त्या गाळ्यांच्या जागी एक्केचाळीस चुली पेटत होत्या.

यादी करायची होती मला. आप्पा एकदा चहा पिता पिता म्हणाले, "भाऊसाहेब, घाई काय हाय?" बस, तेवढंच. त्यांनी मला काही दिलं नाही आणि मी काही घेतलं नाही. पण मला तेवढं निमित्त पुरलं. आज ऑनलाइन काम आहे, उद्या ट्रेनिंग आहे, परवा टेप सापडत नाही, असं करत मी सप्टेंबर घालवला, ऑक्टोबर घालवला. बाईंचा मला राग होता हे खरं कारण. पन्नाशी उलटल्यावर शाळेतल्या पोरासारखं उभं राहून ठराव वाचून दाखवायचा, आणि बाईंनी मध्येच "थांबा, मागचं परत वाचा" म्हणायचं, हे मला झोंबत होतं.

डिसेंबर लागला. सरपंचाला दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत अविश्वास आणता येत नाही. ती झाल्याबरोबर तो आला. नऊपैकी सात सदस्यांनी बाईंविरुद्ध मत दिलं. तरी जनतेतून आलेला सरपंच तेवढ्यानं जात नाही. गावाची खास सभा बोलवायची, गुप्त मतदान घ्यायचं, आणि गावानं शिक्का मारला तरच खुर्ची जाते. तोवर सरपंच सरपंचच असतो, त्याची सही चालते. एकतीस तारखेच्या आत खुर्ची गेली तर यादीवर सही करायला बाई नसणार, आणि आप्पांच्या हातात कारभार आला की ती यादी कपाटातून बाहेर येणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

एकोणीस तारखेला मासिक सभा होती. बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊसाहेब, किती घरं मोजून झाली?"

"चार."

"ऑगस्टपास्नं चार म्हयने. म्हंजी म्हयन्याला एक. एक्केचाळीसला साडेतीन वर्सं लागत्याल. तवर धुरपताबाईला जगायला सांगू का?"

सगळे हसले. आप्पा सर्वांत मोठ्यानं हसले. माझे कान तापले. मी बुक मिटलं आणि बाहेर येऊन लिंबाखाली उभा राहिलो.

तासाभरानं फोन वाजला. सुकन्या मॅडम, नव्या नायब तहसीलदार. खास सभा घ्यायची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. मॅडम कोकणातल्या, येऊन दोन महिने झालेले. म्हणाल्या, "भाऊसाहेब, सभा सोमवारी, तीस तारखेला ठेवतेय. सुट्टीच्या यादीत काही दिसत नाही. गावात काही अडचण नाही ना त्या दिवशी?"

तीस तारखेला येळवस होती.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमची वेळ अमावास्या, येळवस. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आणि मग ताकाचं अंबिल, शेंगा-भाज्यांची पातळसर भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही तो ज्याच्या शेतात राबतो त्याच्याकडे जातो. लातूर जिल्ह्याला त्या दिवशी सुट्टी असते. आमच्या जिल्ह्याच्या यादीत त्या वर्षी ती नव्हती, आणि कोकणातल्या पोरीला कॅलेंडरवर नुसती अमावास्या दिसत होती.

मी औशाचा. येळवशीच्या अंबिलावर वाढलेला माणूस. आणि मी म्हणालो, "काही अडचण नाही, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. बाईंनी ती उभ्यानं वाचली. एकदा वाचली, मग तारखेवर बोट ठेवून परत वाचली. "ही तारीख कुनी काढली?"

"तहसीलमधून आलीय."

त्या तडक ग्यानोबाच्या जीपमध्ये बसून तालुक्याला गेल्या. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. संध्याकाळी जीप परत आली तेव्हा मी कचेरीला कुलूप लावत होतो. बाई खाली उतरल्या. मला वाटलं, आता भडका उडणार.

"तारीख बदलत न्हाई," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. भाऊसाहेब, उद्यापास्नं यादी घ्या. टेप म्या आनलाय."

पुढच्या आठवड्यात मी जेवढं काम केलं तेवढं अख्ख्या नोकरीत केलं नसेल. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं सरपंचाच्या. मनाला टोचणी होती, म्हणून मी अंग झाडून कामाला लागलो. जेवायला घरी जाईनासा झालो. बाई भिंतीपाशी वाकून टेप धरायच्या, आकडा सांगायच्या, मी लिहून घ्यायचो, मोबाइलवर फोटो काढायचो.

पुराव्यांपाशी घोडं अडेल असं मला वाटलं होतं. पण खिचडीच्या निमित्तानं बाईंनी दहा वर्षं शाळेत काढलेली. कुणाचं पोर कुठल्या साली पहिलीत आलं आणि दाखल्यावर पत्ता काय लिहिला, हे त्यांना तोंडपाठ. एकाचा पुरावा शाळेच्या रजिस्टरात निघाला, एकाचा लसीकरणाच्या कार्डावर, एकाचा लग्नपत्रिकेवर. धुरपताबाईंकडे काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, "पत्र्याचा डबा काढ गं माय तुझा." त्या डब्यात मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं लाइट बिल होतं. म्हातारीनं ते का ठेवलं, तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं मला विचारलं, "ह्याच्यावर भागंल का भाऊसाहेब?" मी भागेल म्हणालो. तिनं बिलाला हात जोडले, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

एक गोष्ट मला उमगत नव्हती. खुर्ची जाऊ घातलीय आणि ही बाई लोकांना भेटत नाही, हातापाया पडत नाही, नुसती भिंती मोजत फिरते. एकदा न राहवून म्हणालो, "बाई, मतांचं काय? तीस तारखेला गाव रानात असणार. नाव नोंदवायला दोन वाजेस्तोवर लोक येतील असं काहीतरी करा."

"टेप सरळ धरा," त्या म्हणाल्या. "वाकडा होऊन राहिला."

सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, यादी झाली. एक्केचाळीस घरं, एकशे तेवीस पानं. प्रत्येक पानावर दोन सह्या. बाईंची सही मोठी, एकेक अक्षर सुटं, त्यामुळे फार वेळ लागला. ग्यानोबानं जीप हाणली आणि कार्यालय बंद व्हायच्या अर्धा तास आधी आम्ही तालुक्याला यादी दिली. बाईंनी पोच घेतली, तिच्यावरचा शिक्का उजेडाकडे धरून बघितला, तारीख वाचली आणि घडी करून ब्लाउजात ठेवली. परत येताना त्या जीपमध्ये झोपल्या.

तीस तारीख उजाडली. सकाळी मी शाळेत टेबल मांडलं, मतपेटी ठेवली. दहा वाजता सुकन्या मॅडम आल्या. गावातून गाडी येताना त्यांना चार कोंबड्या आणि एक कुत्रं दिसलं.

"भाऊसाहेब, गावात एकही माणूस नाही?"

"रानात, मॅडम. येळवस आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही मला फोनवर सांगायचं होतं," एवढंच म्हणाल्या आणि मतपत्रिका मोजायला बसल्या. मी खाली मान घालून नावांचं रजिस्टर उघडलं.

नाव नोंदवायची वेळ दोनपर्यंत. आप्पांची माणसं लवकर जेवून ट्रॅक्टरमधून आली, मत दिलं आणि परत गेली. एक्केचाळीस घरांतले निम्मेअर्धे लोक आप्पांच्या आणि त्यांच्या भावकीच्या शेतात जेवायला होते. बिनशेतीची माणसं, दुसरीकडे कुठं जाणार? त्यांना कुणी अडवलं नाही, दटावलं नाही. आप्पांची ऐंशी वर्षांची आई, शरणम्मा, स्वतः वाढत होती. पंगत संथ चालली होती, असं मागाहून कळलं. कुणी उठायला लागलं की ती खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "अंबिल घे की अजून, बाळा. येळवशीला अर्ध्या पोटी उठतेत का?" त्या म्हातारीच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. पण असं म्हटल्यावर उठणार कोण? ज्याच्या शेतात वर्षभर राबायचं, त्याच्या आईच्या हातचं ताट ढकलून?

बाई शाळेच्या पायरीवर बसून होत्या. ग्यानोबानं जीपच्या पाच फेऱ्या केल्या. जेवढे आले तेवढे आणले. धुरपताबाई मात्र जीपची वाट न बघता तीन किलोमीटर चालत आल्या, पावणेदोनला पोहोचल्या. हाताला भज्जी तशीच लागलेली. अंगठा घेताना शाई नीट उमटेना, म्हणून मॅडमनी त्यांना हात धुऊन यायला सांगितलं.

दोनला रजिस्टर बंद केलं. अकराशे मतदारांपैकी एकशे त्रेसष्ट. मोजणी झाली. बाईंविरुद्ध चौऱ्याण्णव, बाजूनं एकसष्ट, आठ बाद. मॅडमनी निकाल वाचला. केवळाबाई सरपंच राहिल्या नाहीत.

धुरपताबाई मोठ्यानं रडायला लागल्या. बाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि कानात सांगितलं की यादी शुक्रवारीच गेली, पोच आपल्याकडे आहे, आता ती कुणाला माघारी आणता येत नाही. म्हातारीला ते दोनदा सांगावं लागलं. मग ती जी बसली ती बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

तेवढ्यात आप्पा आले, हात जोडून. "बाई, राग धरू नका. राजकारन हाय हे."

"आप्पा, राग मागनं बघू. आधी सांगा, तुमच्या मायनं डबा दिला का न्हाई? सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

आप्पा खजील झाले. डबा होता, त्यांच्या ट्रॅक्टरवरच होता. शरणम्मांनी खरंच दिला होता, शाळेत बसलेल्या सगळ्यांसाठी म्हणून. मॅडमना वेळ नव्हता, त्या निघून गेल्या. आप्पाही गेले. शाळेच्या व्हरांड्यात बाई आणि मी, दोघंच उरलो. ग्यानोबा धुरपताबाईंना सोडायला गेला होता. बाईंनी डबा उघडला, मला वाढलं, स्वतः घेतलं.

पहिला घास मी घेतला. आईच्या हातची भज्जी अशीच असायची. मी म्हणालो, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या तारखेचं."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. उंडा मोडून भज्जीत बुडवला. "ईस तारखेलाच कळलं. मॅडम म्हनल्या, ग्रामसेवकाला इचारलं हुतं, तो अडचन न्हाई म्हनला. तुम्ही मला तसं आजच्या आज लिहून द्या, म्हनल्या, त्याच्यावर कारवाई हुईल आन तारीख बी बदलंल."

हातातला उंडा मी ताटात ठेवला. म्हणजे त्या सगळ्या दिवसांत टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईंना ठाऊक होतं. लिहून दिलं असतं तर मी निलंबित झालो असतो, सभा येळवशीनंतर झाली असती आणि त्यांची खुर्ची राहिली असती. बाजूनं गाव आलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

"मग लिहून का नाही दिलं?" मी विचारलं.

"लिहायला बसले हुते. कागद बी घेतला." बाई अंबिलाचा घोट प्याल्या. "मंग म्हनलं, ह्याला घरी बसिवलं तर यादीवर सही कोन करनार? नवा ग्रामसेवक यायला दोन म्हयने. तवर एकतीस तारीख गेली. सरपंच काय, कुनीबी हुतंय. यादीला तुमचीच सही लागत हुती."

"बाई, मला माफ करा."

"माफी नगा मागू. लई राग आल्ता तुमचा. त्या राती ग्यानोबाला बी सांगितलं न्हाई, न्हाई तर त्यानं तुम्हाला जीपीखाली घेतलं असतं." त्या हसल्या नाहीत. "पन तहसीलवरनं आले त्या दिशी तुमचं तोंड बघितलं. तवाच म्हनलं, ह्याला आता काय बोलायचं न्हाई. बोलले असते तर तुम्ही भ्याला असता आन रजा टाकून औशाला गेला असता. शरम वाटून राहिलेला मानूस रोज सकाळी आठला हजर ऱ्हातो."

त्या पुन्हा जेवायला लागल्या. आणि खरंच, यादी होईपर्यंत मी रोज आठच्या आधी त्यांच्या दारात जाऊन उभा होतो.